डासांच्या अळ्या आणि वाढ-नियंत्रक औषधं: अळ्या वळवळताना दिसतात, म्हणजे औषध वाया गेलं का?

पाणकणीस (धागालेखिका)

डासांचा विषय निघाला की बोलणं फवारणी, धूर आणि मच्छरदाणी यांच्यापाशी येऊन थांबतं. उडणाऱ्या डासाला गाठणं कठीण. तोच डास अळी म्हणून पाण्यात असतो तेव्हा त्याला कुठेही पळता येत नाही, म्हणून खरा बंदोबस्त तिथेच करायला हवा. अळ्यांसाठी जी औषधं आहेत त्यातल्या एका गटाबद्दल फार गैरसमज आहेत: कीटकांची वाढ अडवणारी औषधं, म्हणजे वाढ-नियंत्रक. पायरीप्रॉक्सिफेन, मेथोप्रीन, डायफ्लुबेन्झुरॉन आणि नोव्हॅल्युरॉन ही त्यातली मुख्य नावं.

ही औषधं वापरून निराश झालेले लोक मला वारंवार भेटतात. तक्रार एकच असते: "औषध टाकलं, चार दिवसांनी पाहिलं तर अळ्या आहेत तशाच." मग ते मात्रा दुप्पट करतात किंवा औषध बदलतात. दोन्ही चूक.

टेमेफॉससारखं जुनं अळीनाशक अळीच्या मज्जासंस्थेवर घाव घालतं, त्यामुळे दिवसभरात अळ्या मरून तळाशी जातात. वाढ-नियंत्रकांचा मार्ग वेगळा. डासाची अळी चार अवस्थांतून वाढते, प्रत्येक वेळी कात टाकते आणि चौथ्या अवस्थेनंतर कोषात जाते. कात टाकायचा हुकूम एक्डायसोन हे संप्रेरक देतं. पण कात टाकल्यावर पुन्हा अळीच व्हायचं की कोष, हे जुव्हेनाइल हार्मोन ठरवतं. ते अंगात भरपूर असेल तर अळी अळीच राहते. चौथ्या अवस्थेत त्याचं प्रमाण जवळजवळ शून्यावर येतं आणि मगच कोषाची तयारी सुरू होते.

पायरीप्रॉक्सिफेन आणि मेथोप्रीन या जुव्हेनाइल हार्मोनची नक्कल करतात. जे संप्रेरक नाहीसं व्हायला हवं होतं ते पाण्यातून येतच राहतं. अळी खाते, पोहते, वर येऊन श्वास घेते, बहुतेक वेळा कोषातही जाते. पण आतली घडण बिघडलेली असते. कोष मरतो, किंवा अर्धा बाहेर आलेला डास पाण्यावरच अडकून मरतो.

डायफ्लुबेन्झुरॉन आणि नोव्हॅल्युरॉन कायटिन तयार होऊ देत नाहीत. कीटकाचं बाहेरचं कवच कायटिनचं असतं. नवं कवच नीट बनलं नाही की अळी पुढची कात टाकताना मरते. इथे मरण थोडं लवकर दिसतं, पण तेही कात टाकायची वेळ आल्यावरच.

म्हणून या औषधांच्या बाबतीत अळ्या मोजून काही कळत नाही. किती डास उडाले, हे मोजायचं.

---

तिठा

फार उपयुक्त धागा. पण सामान्य माणसाने "किती डास उडाले" हे मोजायचं कसं? डास उडून गेला की गेला.

---

पाणकणीस

तिठा, सोपं आहे. औषध टाकलेल्या पाण्यातून कोष गाळणीने अलगद काढा. कोष ओळखायला कठीण नाही: अळी लांबट असते, कोष स्वल्पविरामासारखा वळलेला असतो आणि धक्का लागला की उलट्या कोलांट्या खात खाली जातो. हे कोष त्याच पाण्यासकट एका बरणीत ठेवा, तोंडाला बारीक जाळी बांधा आणि बरणी सावलीत ठेवून द्या. उबदार हवेत कोषाची अवस्था साधारण दोन दिवसांची असते, थंडीत जास्त. तीन-चार दिवसांनी बघा. जाळीखाली उडणारे डास आहेत, की मेलेले कोष आणि अर्धवट बाहेर आलेले डास?

शक्य असेल तर जवळच्या, औषध न टाकलेल्या पाण्यातले कोष दुसऱ्या बरणीत ठेवा. तुलनेशिवाय निष्कर्ष काढू नये, कारण थोडे कोष एरवीही मरतात. कीटकशास्त्रज्ञ नेमकं हेच करतात आणि निकाल "किती टक्के डास बाहेर पडणं रोखलं" असा मांडतात.

"त्याच पाण्यासकट" यावर मुद्दाम जोर दिलाय. बरेच लोक अळ्या काढून स्वच्छ पाण्यात ठेवतात. तिथे औषधच नसतं, कोवळ्या अळ्या सावरतात आणि औषधावर नाहक ठपका येतो.

झाकण उघडताना जपून. रोखलेले डास तिथेच संपवा.

---

मृण्मयी

औषध टाकल्यावर पहिले काही दिवस उलट डास वाढल्यासारखे वाटले. हा योगायोग की खरंच काही संबंध आहे?

---

पाणकणीस

वाढले नसणार, पण कमीही झाले नसणार. औषध टाकलं तेव्हा पाण्यात जे कोष आधीच तयार होते त्यांच्यावर पाण्यातल्या नेहमीच्या मात्रेचा फारसा परिणाम होत नाही. ते डास होऊन उडणारच. आणि आधीपासून उडत असलेल्या माद्या काही आठवडे जगू शकतात. त्यामुळे चावणं कमी झाल्याचं जाणवायला दोन-तीन आठवडे लागले तर त्यात नवल नाही. साथ सुरू असेल तर एवढं थांबता येत नाही, तेव्हा मोठ्या डासांचा बंदोबस्त सोबत करावाच लागतो. वाढ-नियंत्रक हे डासांच्या मोसमाआधी किंवा त्याच्या सुरुवातीला हाती घ्यायचं काम आहे.

---

कुतूहल

संप्रेरकाचीच नक्कल करून कीटकाला अडवायची ही कल्पना मुळात सुचली कशी? कोणाला माहीत असेल तर लिहा ना.

---

जुना_वाचक

कुतूहल, ही हकिकत मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हार्वर्डमधल्या कॅरॉल विल्यम्स यांनी १९५६ साली सेक्रोपिया नावाच्या मोठ्या पतंगाच्या नरांपासून जुव्हेनाइल हार्मोनचा अर्क काढला आणि हेच पुढे कीटकनाशक म्हणून वापरता येईल असं तेव्हाच सुचवलं. कीटकाचं स्वतःचंच संप्रेरक असल्यामुळे त्याला त्याविरुद्ध प्रतिकार विकसित करता येणार नाही, अशी त्यांची आशा होती.

पुढे प्रागहून कारेल स्लामा हे संशोधक त्यांच्याकडे आले. सोबत त्यांनी पायरोकोरिस जातीचे ढेकूणवर्गीय किडे आणले होते. युरोपात हे किडे बिनतक्रार वाढायचे. हार्वर्डच्या प्रयोगशाळेत मात्र ते प्रौढ होईनात, एक जादा बाल्यावस्था घेऊन मरायला लागले. एकेक गोष्ट तपासत गेल्यावर दोष सापडला तो बश्यांत ठेवलेल्या कागदी टॉवेलात. अमेरिकेतला कागद बाल्सम फर या झाडाच्या लगद्यापासून बनत होता आणि त्या झाडात जुव्हेनाइल हार्मोनसारखं काम करणारं द्रव्य होतं. त्यांनी वर्तमानपत्रंही तपासली: न्यूयॉर्क टाइम्सच्या कागदावर किडे प्रौढ होत नव्हते, लंडनच्या टाइम्सच्या कागदावर होत होते. हे १९६५ मध्ये प्रसिद्ध झालं आणि पुढच्याच वर्षी ते द्रव्य ओळखलं गेलं. त्याला जुव्हाबायोन म्हणतात.

एका झाडाने किड्यांपासून बचावासाठी नेमकी हीच युक्ती आधीच योजलेली असावी, हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो होतो.

खरं संप्रेरक लवकर विघटित होतं, म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याची जास्त टिकाऊ नक्कल केली. त्यातलं मेथोप्रीन अमेरिकेत १९७५ मध्ये नोंदणीकृत झालं. गंमत म्हणजे मेथोप्रीनला दाद न देणाऱ्या फळमाश्या १९८६ मध्ये प्रयोगशाळेत सापडल्या आणि त्यांच्यात बिघडलेल्या जनुकाचा माग काढत गेल्यावर खुद्द जुव्हेनाइल हार्मोनचा ग्राहक, म्हणजे पेशीतला ज्याला ते चिकटून काम करतं तो रेणू, हाती लागला.

---

कुतूहल

जुना_वाचक, मनापासून आभार! वाचनखूण साठवली.

---

मृण्मयी

मला मुख्य काळजी पिण्याच्या पाण्याची आहे. टाकीत हे टाकायचं म्हणजे आपणच ते प्यायचं. घरात लहान मूल आहे. खरंच सुरक्षित आहे का?

---

गणिती

आकडे मांडतो, मग ज्याने त्याने ठरवावं.

पिण्याच्या पाण्यातल्या अळ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने दर लिटरला ठरवलेली कमाल मात्रा अशी: पायरीप्रॉक्सिफेन ०.०१ मिलिग्रॅम, नोव्हॅल्युरॉन ०.०५, डायफ्लुबेन्झुरॉन ०.२५ आणि मेथोप्रीन १ मिलिग्रॅम. यावरून कुठलं औषध किती कमी मात्रेत काम करतं याचाही अंदाज येतो.

पायरीप्रॉक्सिफेनचं आयुष्यभर रोज पोटात गेलं तरी चालेल असं मान्य प्रमाण शरीराच्या दर किलो वजनाला ०.१ मिलिग्रॅम आहे. १० किलो वजनाच्या मुलासाठी रोज १ मिलिग्रॅम. ते मूल दिवसाला एक लिटर पाणी प्यायलं तर पोटात जाईल ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या शंभराव्या भागाएवढं. ६० किलोच्या माणसाने दोन लिटर प्यायले तर तीनशेवा भाग. आणि ती मर्यादा ठरवतानाच प्राण्यांवर निरुपद्रवी ठरलेल्या मात्रेला आणखी शंभराने भागलेलं असतं.

आता टाकीचा हिशेब. दाणेदार औषध ०.५ टक्क्याचं असेल तर एका ग्रॅममध्ये ५ मिलिग्रॅम मूळ द्रव्य असतं. १,००० लिटर पाण्याला १० मिलिग्रॅम चालतं, म्हणजे २ ग्रॅम दाणे. २०० लिटरच्या पिंपाला फक्त ०.४ ग्रॅम.

---

पाणकणीस

गणिती, हिशेब चोख आहे. त्यात तीन गोष्टी जोडते आणि त्या खरोखर गांभीर्याने घ्या.

हेच पायरीप्रॉक्सिफेन शेतीत पांढऱ्या माशीसाठीही वापरतात. तिथे ते द्रवरूपात, विद्रावकं आणि इतर मिश्रणं घालून येतं. ते पिण्याच्या पाण्यात कधीही घालायचं नाही. मूळ द्रव्य एकच असलं तरी बाकीचे घटक पिण्यासाठी तपासलेले नसतात. वेष्टनावर पिण्याच्या पाण्यासाठी मान्यता असल्याचं स्पष्ट लिहिलेलं असेल तेच उत्पादन घ्या, आणि आपल्या आरोग्य खात्याने त्याला परवानगी दिली आहे ना तेही पाहा.

दुसरं, मर्यादा प्रत्यक्षात असलेल्या पाण्यासाठी आहे. अर्धी रिकामी टाकी आणि पूर्ण टाकीची मात्रा, म्हणजे दुप्पट तीव्रता. टाकी आधी भरून घ्या.

तिसरं, ०.४ ग्रॅम घरगुती काट्यावर विश्वासाने मोजता येत नाही. चिमूटभर म्हणून टाकलं की पाचपट झालंच समजा. म्हणून घरातल्या लहान पिंपांत मी औषध सुचवतच नाही. आठवड्यातून एकदा ते रिकामं करा, आतली भिंत घासा आणि झाकण घट्ट लावा. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्याची शिस्त पुरते. घासायचं कारण हे की डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर अंडी जागेवरच राहतात.

जे पाणी रिकामं करता येत नाही आणि झाकताही येत नाही, औषध त्यासाठी.

---

अवखळ_वारा

पण ब्राझीलमध्ये याच औषधामुळे लहान डोक्याची बाळं जन्माला आली होती ना? त्या वेळी बातम्यांत वाचलं होतं. एवढं सगळं असताना हे टाकीत घाला म्हणणं मला धोक्याचं वाटतं.

---

जुना_वाचक

अवखळ_वारा, शंका रास्त आहे, तेव्हा ती बातमी जगभर फिरली होती. २०१६ च्या फेब्रुवारीत अर्जेंटिनातल्या डॉक्टरांच्या एका गटाने तो संशय मांडला आणि ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्याने पायरीप्रॉक्सिफेनचा वापर लगेच थांबवला. पण संशय टिकला नाही. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या शहरांपैकी रेसिफेमध्ये हे औषध वापरलंच जात नव्हतं, तरी तिथे अशी बाळं जन्मली. दुसरीकडे झिका विषाणू बाधित गर्भाच्या मेंदूत प्रत्यक्ष सापडला आणि त्याच वर्षी झिका हेच कारण असल्याचा निष्कर्ष निघाला.

त्या अफवेचं मला खरं दुःख याचं वाटतं, की झिका पसरवणाऱ्या डासावरचंच एक साधन ऐन साथीत बाजूला ठेवलं गेलं.

---

अवखळ_वारा

हे माहीत नव्हतं. रेसिफेचा मुद्दा पटला. माझ्या डोक्यात ती पहिली बातमीच राहिली होती.

---

जलपर्णी

माझ्याकडे बागेत छोटं तळं आहे. त्यात मासे आहेत, गोगलगाई, कोळंबीसारखे बारीक जीव, चतुरांच्या अळ्या. यातलं काय चालेल?

---

पाणकणीस

जलपर्णी, तुमच्या तळ्यात यातलं काहीच घालू नका.

डासांसाठीच्या मात्रेने माशांना सहसा थेट इजा होत नाही. पण कायटिन फक्त डासालाच असतं असं नाही. कोळंबी, खेकडे, पाणपिसवा, मेफ्लायची पिल्लं या सगळ्यांचं कवच त्याचंच असतं. डायफ्लुबेन्झुरॉन आणि नोव्हॅल्युरॉन त्यांच्यावर फार कठोर आहेत. पायरीप्रॉक्सिफेनही कवचधारी जलचरांना आणि जलकीटकांना त्रास देतं. चतुराच्या अळ्या तर डासांच्या अळ्या खातात, त्यांना मारणं म्हणजे आपलाच पहारेकरी घालवणं.

तळ्यात मासे आहेत ते काम करतातच. कडेच्या दाट गवतात मासे पोचत नाहीत, अळ्या तिथे लपतात, ते गवत काढत राहा. एवढं करूनही गरज पडली तर बीटीआय वापरा. हा जिवाणू १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात सापडला. त्याचं विष अळीने खाल्ल्यावर तिच्या आतड्यात काम करतं आणि डास, काळ्या माश्या अशा मोजक्या गटांपुरतंच राहतं.

---

तिठा

मग बीटीआय सगळीकडेच का वापरू नये? एका दिवसात अळ्या मरतात, इतर जिवांना धोका नाही.

---

पाणकणीस

टिकत नाही, हीच अडचण. साध्या बीटीआयचा परिणाम बऱ्याच ठिकाणी आठवडाभरात किंवा त्याआधीच ओसरतो, घाण पाण्यात आणखी लवकर. शिवाय ते खावं लागतं. चौथ्या अवस्थेतली अळी शेवटी शेवटी खाणं थांबवते, कोष तर खातच नाही, म्हणून उशिरा टाकलेलं बीटीआय त्यांना लागू पडत नाही. पायरीप्रॉक्सिफेनचा परिणाम साठवलेल्या पाण्यात ४ ते १२ आठवडे राहू शकतो. जिथे माणूस दर आठवड्याला पोचू शकत नाही तिथे हा फरक निर्णायक ठरतो. श्रीलंकेत रत्नांच्या खाणीतल्या खड्ड्यांत ते अगदी कमी मात्रेत वापरलं गेलं, तेव्हा परिणाम कित्येक महिने टिकला आणि मलेरियाही कमी झाला.

मेथोप्रीन मात्र उन्हात लवकर विघटित होतं. म्हणून ते हळूहळू झिरपणाऱ्या विटांच्या किंवा दाण्यांच्या स्वरूपात देतात. उघड्यावर त्याचं साधं द्रव टाकून महिनाभर निर्धास्त राहू नका.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. अळ्या लगेच मरत नाहीत याचा फायदाही असतो. त्या भांड्यातलं अन्न खात राहतात, गर्दी करतात, त्यामुळे नंतर अंड्यांतून आलेल्या अळ्यांना कमी मिळतं. लगेच मारणाऱ्या औषधाने भांडं रिकामं होतं आणि त्याचा अंमल संपल्यावर पुढच्या पिढीला ती मोकळी जागा आयती मिळते.

---

कुतूहल

डास स्वतःच हे औषध एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात नेतात असं कुठेतरी वाचलं होतं. खरं आहे का?

---

जुना_वाचक

खरं आहे, आणि मला या क्षेत्रातली ही सगळ्यात आशादायक गोष्ट वाटते. पेरूमधल्या इकितोसमध्ये हा प्रयोग झाला, २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. डासांच्या विसाव्याच्या जागी पायरीप्रॉक्सिफेनची भुकटी लावलेली केंद्रं ठेवली. माद्या तिथे बसल्या, पायांना भुकटी लागली, आणि त्या अंडी घालायला गेल्या त्या भांड्यांत ती पोचली. एडिसची मादी अंडी एकाच जागी न घालता अनेक भांड्यांत वाटते, त्यामुळे माणसाला न दिसणारी डबकी ती आपणहून गाठते. अब्जांशापेक्षा कमी तीव्रतेला हे औषध काम करतं म्हणूनच हे जमतं. टेमेफॉसने जमलं नसतं. पुढे ब्राझीलमध्ये मनौसलाही अशी केंद्रं वापरली गेली.

---

गणिती

विल्यम्स यांच्या त्या आशेचं काय झालं? प्रतिकार खरंच निर्माण झाला नाही का?

---

पाणकणीस

झाला. फ्लोरिडातल्या कॅप्टिव्हा बेटावर १९९० च्या दशकात खाऱ्या दलदलीतल्या डासांमध्ये मेथोप्रीनला प्रतिकार आढळला. तिथे हळू झिरपणाऱ्या विटा वर्षानुवर्षं वापरल्या होत्या. वीट संपत आली की पाण्यात बराच काळ अपुरी मात्रा उरते. त्यात दुबळे डास मरतात, काटक तेवढे वाचतात आणि त्यांचीच पुढची पिढी होते. म्हणून वीट पूर्ण विरघळेपर्यंत वाट न पाहता मुदतीत बदलावी आणि मोसमागणिक वेगळ्या तऱ्हेने काम करणारं औषध आणावं. पायरीप्रॉक्सिफेननंतर मेथोप्रीन ही अदलाबदल नव्हे, दोन्ही एकाच ग्राहकावर काम करतात. त्यांच्यानंतर बीटीआय किंवा डायफ्लुबेन्झुरॉन, ही खरी अदलाबदल.

---

तिठा

शेवटचा प्रश्न. इमारतीच्या सेप्टिक टाकीतून डास येतात. तिथे पिण्याच्या पाण्याचीच मात्रा घ्यायची का?

---

पाणकणीस

नाही, तिथे ती पुरणार नाही. घाण पाण्यातला सेंद्रिय गाळ औषध शोषून घेतो, म्हणून अशा जागांसाठी वेष्टनावर वेगळी, जास्त मात्रा दिलेली असते. तीच पाळा. तिथे मुख्यतः क्युलेक्स डास असतात.

पण औषधाआधी हवा जाण्याच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधा आणि झाकणाभोवतीच्या फटी बुजवा. मादीला आत जाता आलं नाही तर अंडी पडणार नाहीत, आणि आतले डास बाहेर येणार नाहीत. जाळी गंजते, फाटते, म्हणून ती अधूनमधून तपासत राहा. एवढं केल्यावरही डास येत असतील तर वाट कुठून आहे ते आधी शोधा: संध्याकाळी झाकणाच्या कडेवर एक जाळीदार पिंजरा उलटा ठेवा आणि सकाळी त्यात काय सापडतं ते इथे कळवा. मग औषध कोणतं घ्यायचं ते ठरवू.